बिनधान्याच्या शेवया

आदिलाबादच्या मे महिन्यात भर दुपारी पंखा बंद ठेवून झोपणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर त्याच्या खोलीत शेवया वाळत असतात. मी त्या उन्हाळ्यात थोडाफार दोन्ही होतो. खिडकीला ओला पडदा, दोन खाटांवर धुतलेली धोतरं, त्यांवर पसरलेल्या पांढऱ्या शेवया, तिसऱ्या खाटेवर आई आणि खाली फरशीवर मी. पंखा लावला की शेवया एकमेकींवर चढायच्या, म्हणून घामात पडून राहायचं. अशा खोलीत झोप लागते ती पूर्ण लागत नाही. बाहेर भंगारवाल्याची तेलुगू हाक ऐकू येते आणि आत कुठेतरी आपण गावाकडे पैनगंगेच्या काठावर चालत असतो. डोळे किलकिले केले की शेवयांमधून उजेड दिसतो, आणि हे आपलंच घर आहे हे कळायला थोडा वेळ लागतो.

माझ्यासारख्या माणसाने शेवया कराव्यात असं कुणाला स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं. मी सरकारी कचेरीत नोकरी करतो, चहासुद्धा बायकोने सांगितलेल्या मापाने करतो. बायको तेलुगू माध्यमाच्या शाळेत शिकवते. वडील गेल्यावर आई गावाकडून आमच्याकडे आली. जन्मभर ज्वारीची भाकर खाल्लेली बाई, पण शहरात येऊन वर्ष-दोन वर्षं झाली आणि तिच्या पोटात काही ठरेनासं झालं. खाल्लेलं अंगी लागेना. लुगडं नेसताना त्याचे वेढे वाढत गेले आणि मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. मी रोज पाहत होतो, तरी ती एवढी वाळली हे मला एकदा तिला रिक्षात चढवताना कळलं. हाताला काही वजनच लागलं नाही.

डॉक्टर तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलणारे. तपासण्या पाहून त्यांनी सांगितलं, “अम्मा का पेट थक गया. चार-छह महीने अनाज पूरा बंद. गेहूं, चावल, ज्वार, मक्का, कुछ भी नहीं. कमज़ोरी बहुत है, इसलिए बाकी सब पेट भर के खिलाना.”

मला वाटलं होतं, भाकर बंद म्हटल्यावर आई कोसळेल. पण रिक्षात बसताच ती खुशीत आली.

“एवढंच नं? म्या म्हटलं, काय सांगते बाप्पा हा डॉक्टर. उपास तं मले जल्माचा ठावा हाय.”

आम्हीही माना डोलावल्या. आमच्या घरांत हे कुणी कुणाला शिकवत नाही. स्वयंपाकघरात धान्याचे डबे एका बाजूला आणि उपासाचे दुसऱ्या बाजूला. साबुदाणा, शिंगाड्याचं पीठ, बटाटे, रताळी, भगर, शेंगदाणे. धान्य नको म्हटलं की हात आपोआप त्या दुसऱ्या बाजूला जातो. बायकोने त्याच संध्याकाळी त्या बाजूचे डबे पुढे ओढले आणि ज्वारीच्या पिठाचा डबा मागे ढकलला. घराला नवीन शिस्त लागली याचा मला उगाचच आनंद झाला होता.

पण उपास एक दिवसाचा असतो म्हणून गोड लागतो. महिनाभरातच आईचं तोंड उतरलं. साबुदाणा तिच्या दातांना चिकटायचा, बटाट्याकडे ती पाहायचीसुद्धा नाही. तिचा सोमवार असायचा. मला कळतं तेव्हापासून ती सोमवारी दिवस मावळेपर्यंत उपासाचंच खायची आणि त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर एक निराळीच टवटवी असायची. आता तीही गेली.

“रोजचाच उपास झाला तं सोमवार कसा ओळखू यावा?” ती सुनेला म्हणाली. “उपास कोनता अन् जेवन कोनतं, काई समजून नाई राह्यलं.”

ताटातलं अर्धं ताटातच राहू लागलं. आणि मग बाजारात आंबे आले.

आमच्याकडे आंब्याचा रस नुसता खात नाहीत. रसाबरोबर शेवया लागतात. गव्हाच्या, हाताने केलेल्या, उकडून निथळलेल्या, वर तूप. आंबे यायच्या आधीच गावात बायका एकमेकींच्या घरी जमायच्या. खाटेला शेवयांचं यंत्र कसायचं, एकीने दांडा फिरवायचा, दुसरीने खालून उतरणाऱ्या शेवया हातावर झेलून काठीवर टाकायच्या. आई त्यात शेवया झेलणारी. तिने शेवया-रस मागितला तो एकदाच, भिंतीकडे तोंड करून.

“यंदा रस नाई का करनार?”

“करू की,” मी म्हणालो.

“नुसता?”

मी तिथेच ठरवलं की बिनधान्याच्या शेवया करायच्या आणि मीच करायच्या. बायकोला शाळा, परीक्षा, पेपर तपासणं. शिवाय मला राग आला होता. कुणाचा ते सांगता येत नाही. आईच्या पोटाचा असावा.

पहिल्यांदा मी मोबाईलवर पाहून दुधीभोपळा सोलण्याने लांब लांब सोलला आणि त्या पट्ट्यांना गरम पाण्यातून काढून रस घातला. आईने एक पट्टी चिमटीत उचलून उजेडाला धरली.

“हा कीस होय बाप्पा. याच्यात साखर टाकून हलवा कर.”

मग बेसनाची शेव पाडून उकळत्या पाण्यात सोडली. डाळी चालतात असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. झाकण काढलं तेव्हा पातेल्यात एकही शेव नव्हती, सगळं मिळून आलेलं.

“पिठलं बरं झालं,” बायको म्हणाली. “कचेरीतली कामंबी तुमी अशीच करता का?”

मी तिच्याशी अर्धा दिवस बोललो नाही. नंतर तेच पिठलं फोडणी घालून आम्ही दोघांनी खाल्लं, तेव्हा बोलावं लागलं.

युक्ती शेवटी आईनेच सांगितली. खाटेवर पडल्या पडल्या, डोळे मिटून.

“गव्हात चिकटपना असते. बाकीच्यात नसते. तेले पानी दाखवलं का ते सुटलं. आधी उकड काढ. भगर दळ, मोदकाची काढतात तशी उकड काढ, गरम असतानीच मळ अन् सोऱ्यातून पाड.”

भगर दळून आणली. उकळत्या पाण्यात मीठ आणि चमचाभर तूप, त्यात पीठ वैरलं, झाकण ठेवून वाफ आणली. हात पाण्यात बुडवून ती उकड मळताना माझे तळवे लाल झाले. चकलीच्या सोऱ्यात बारीक जाळी घातली आणि दाबलं. आणि त्या आल्या. पांढऱ्या, सरळ, न तुटणाऱ्या. मी दाबत गेलो आणि त्या खाली उतरत गेल्या. मला थांबावंसंच वाटेना. आईने हात पुढे केला, त्यावर एक पदर बरोबर झेलला आणि धोतरावर अलगद सोडला. तिचा हात काही विसरला नव्हता.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. रजा घेतली होती की शनिवार-रविवार जोडले होते, तेही आठवत नाही. खोलीत शेवया, आई आणि मी. ती अर्धवट झोपेत बोलायची आणि मी अर्धवट झोपेत ऐकायचो. तिच्या माहेरच्या अंगणात शेवया वाळत असताना एकदा वावटळ आली आणि सगळ्या शेवया उडून कपाशीच्या मोकळ्या रानात जाऊन पडल्या, तेव्हा सगळ्या पोरी त्या वेचायला धावल्या. हे तिने सांगितलं की मला स्वप्नात दिसलं याची आज मला खात्री नाही. मधेच ती हात लांबवून जवळची शेवई बोटाने चाचपायची, वाळली का पाहायची आणि तोच हात पुन्हा उशाशी घेऊन झोपायची. बायको शाळेतून यायची, दारातून आम्हा दोघांना पाहायची आणि चपलांचा आवाज न करता आत जायची. मी पन्नाशीला आलेला माणूस, पण त्या दुपारी मला वय नव्हतं.

रसाच्या दिवशी आईने दोन वाट्या शेवया खाल्ल्या. दुसरी तिने मागून घेतली. बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत विनाकारण सगळ्यांशी गोड बोललो, लोकांना वाटलं माझी बढती झाली.

मग तिचं पोट बिघडलं.

आम्ही आंब्याला दोष दिला. रस बंद केला आणि नुसत्या शेवया दुधात देऊ लागलो. जास्तच बिघडलं. दूध बंद केलं, शेवयांना जिऱ्याची फोडणी दिली. ती प्रेमाने खायची, माझं मन राखायला थोडं जास्तच खायची, आणि तासाभरात पोट धरून बसायची. शेवटी तिला पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय काय खाता? बायकोने सांगितलं. भगर म्हटल्यावर ते थांबले. भगर त्यांना माहीत नव्हती.

बायको म्हणाली, “भगर म्हणजे... ऊदलु.”

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. “ऊदलु? मैडम, ऊदलु तो अनाज है. जैसे ज्वार, वैसे ऊदलु. मैंने सब अनाज बंद बोला था न?”

बायको माझ्याकडे बघत राहिली. घरी आल्यावर ती कपाळावर हात मारून म्हणाली की शाळेतली सोबतीण रोज डब्यात ऊदलुचा उपमा आणते. बाजारातल्या दुकानात ऊदलुची पिशवी नाचणी-बाजरीच्या रांगेत असते, त्या रांगेवर तेलुगूत बारीक धान्यं म्हणून पाटी असते, आणि ती पाटी तिने शंभरदा वाचली आहे. पण ती पिशवी तेलुगू दुकानातली होती आणि भगर आमच्या घरातली, उपासाच्या बाजूची. दोन्ही एकच हे ठाऊक असूनही ते एकाजवळ एक ठेवून पाहायची वेळच कधी आली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर बोलत होते तेव्हा आई स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. हिंदी तिला कळते. तिने माझी बाही ओढली.

“भगर धान्य हाय?”

“हो म्हणतात ते.”

परत येताना ती बोटांवर काहीतरी मोजत होती. आणि मी? मला हायसं वाटलं होतं. दुखणं सापडलं, आता भगर काढून टाकली की झालं! मी लगेच शिंगाड्याचं पीठ आणलं, त्यात शिजवून किसणीवर घासलेलं रताळं आणि थोडं साबुदाण्याचं पीठ घालून उकड काढली. शेवया उतरल्या, जरा काळसर, जरा जाड, पण अगदी अखंड. उकडल्यावरही विरघळल्या नाहीत. मला स्वतःचा अभिमान वाटला. वाटी घेऊन आईकडे गेलो, तर ती म्हणाली, भूक नाही.

दुसऱ्या दिवशीही भूक नाही. सोमवारी तर तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. मंगळवारी घोटभर ताक, बुधवारी तेही अर्धं. मी चिडलो, समजावलं, पुन्हा चिडलो. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले असं चाललं तर भरती करावं लागेल आणि या वयात, या अशक्तपणात पुढचं सांगता येत नाही. काय चाललंय ते सुनेने तिच्याकडून काढून घेतलं आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळू आवाजात सांगितलं.

“आत्याबाई उपास फेडून राह्यल्या. भगर धान्य हाय, म्हंजे आजवरचे सगळे सोमवार मोडले म्हंतात. ते आता उपाशी राहून फेडून राह्यल्या.”

“सगळे?”

“सगळे.”

मला भीती वाटली. साधी, लहान पोराला वाटते तशी, की आई मरेल. तेवढे सोमवार फेडायला तिच्या अंगात आठवडाभराचंही बळ नव्हतं.

पुढच्या सोमवारी मी कचेरीला गेलो नाही. दुपारी तिच्या खोलीत शिंगाड्याच्या शेवया धोतरावर पसरल्या, पंखा बंद केला, पडदा ओला केला, आणि उकडलेल्या शेवयांची वाटी रस घालून तिच्या उशाशी ठेवली. ती पडून होती. ओठ सुकलेले, डोळे मात्र उघडे. मी शांतपणे बोलायचं ठरवलं होतं आणि पहिल्याच वाक्याला माझा आवाज चढला.

“देव काय भगर अन् ऊदलु निवडत बसला का, आई? काऊन असं करून राह्यली तू?”

तिने मान वळवली. तिला राग आला नव्हता. ती फार लांबून माझ्याकडे पाहत होती.

“तुले मालूम नाई,” ती म्हणाली. “तू पाळन्यात होता. ताप आला तुले, उतरेचना. डोये फिरवले तू. तवा म्या बोलली होती महादेवाले, हे लेकरू वाचू दे, सोमवारी मी दिवसा धान्याले शिवनार नाई, जल्मभर. अन् तू वाचला.”

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तिचा सोमवार हा तिचा होता, एवढंच मला माहीत. तो माझ्यासाठी होता हे त्या खोलीत, घामाने भिजलेल्या सदऱ्यात बसून मला पहिल्यांदा कळलं.

“आता हा डॉक्टर म्हंते भगर धान्य हाय,” ती पुढे म्हणाली. “म्हंजे म्या पहिल्याच सोमवारी बोल मोडला. मंग तू वाचला कसा?”

ती मला खरंच विचारत होती. तिच्या डोळ्यांत भीती होती, जणू मी उधारीवर जगतोय आणि कुणीतरी आता मला परत मागायला येईल. ते पाहून माझा राग उतरला. बाहेर सगळं सामसूम होतं. ओल्या पडद्यातून आलेल्या झुळुकीने शेवया जराशा हलल्या.

“त्या पहिल्या सोमवारी तू काय खाल्लं होतं?” मी विचारलं.

“भगरच तं. म्या काईच खाऊन नाई राह्यली होती. मंग तुह्या आजीनं जबरदस्तीनं वाटीभर भगर खाऊ घातली.”

“काऊन?”

“काऊन म्हंजे? तू अंगावर पेत होता. दुसरं काई तुह्या पोटात ठरत नव्हतं. उपाशी बाईले दूध येते का?”

ती बोलता बोलता थांबली. तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं.

“आई,” मी म्हणालो, “ती भगर धान्य होती म्हून तुले दूध आलं. अन् दूध आलं म्हून मी वाचलो.”

तिने आढ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “त्याले मालूम असन का हे?”

“महादेवाले? त्याले तवाच मालूम होतं.”

ती कोपरावर जोर देऊन उठायला लागली. मी पाठीशी हात दिला, तो तिने बाजूला केला आणि स्वतःच बसली, पदर सारखा केला. आजवर माझ्या जगण्याचं सगळं श्रेय तिने देवाच्या पायाशी ठेवलं होतं आणि त्यातलं काडीइतकंही कधी स्वतःकडे घेतलं नव्हतं. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पिकलेले केस, सुटलेलं पोट, उकडीने भाजलेले तळवे, सगळं.

“म्हंजे मीच वाचवलं म्हन की तुले,” ती म्हणाली.

“तूच.”

तिने उशाशी ठेवलेली वाटी मांडीवर घेतली, बोटांनी शेवया रसात कालवल्या आणि घास घेतला. सोमवार होता, आणि दिवस अजून चांगला वर होता.